सव्वाबाराचा ईमेल: मुसळधार पावसात एका ऑफिसचा इशारा कुठे अडला

हे नमुना प्रकरण आहे. ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळ भागात. मरोळ, साकीनाका, चकाला इथे अशा इमारती शेकड्यांनी आहेत: खाली बेसमेंट, त्यावर पोडियम पार्किंग आणि वर काचेचे मजले. कंपनी पाचव्या आणि सहाव्या मजल्यावर. पटावर 286 माणसं. जुलैमधल्या त्या दिवशी साडेदहापर्यंत 214 जणांनी कार्ड लावलं होतं. हाउसकीपिंग, सिक्युरिटी आणि कॅन्टीनची 19 माणसं ठेकेदाराची, म्हणून एचआरच्या यादीत नव्हती. रिसेप्शनच्या वहीत सहा पाहुणे होते. म्हणजे इमारतीत 239 जण होते आणि यंत्रणेला त्यातले 214 माहीत होते.

आग, बॉम्बची धमकी, भूकंप यांवर ऑफिसात निदान एखादं पोस्टर तरी असतं. मुंबईच्या ऑफिसला सगळ्यात जास्त वेळा गाठणारी आपत्ती मात्र पाऊस आणि भरती एकत्र येण्याची. तिच्यासाठी लिहून ठेवलेला निर्णय क्वचितच सापडतो. या प्रकरणात तो नव्हता.

आदल्या संध्याकाळी काय माहीत होतं

हवामान खात्याने मुंबईसाठी दुसऱ्या दिवशीचा नारिंगी इशारा दिला होता. त्याचा अर्थ ‘तयार राहा’. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, 115.6 ते 204.4 म्हणजे अतिजोरदार, आणि त्याच्या पुढे अत्यंत जोरदार. भरतीचं वेळापत्रक तर कित्येक महिने आधी छापलेलं असतं. त्यात दुपारी 1:50 ला 4.7 मीटरची भरती दिसत होती. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, त्यांपैकीच हा एक.

भरतीला इतकं महत्त्व का, हे ॲडमिनच्या माणसाला कळलेलं असायला हवं. मुंबईची जुनी पर्जन्य-गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. नंतर ती क्षमता 50 मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचं काम हाती घेतलं गेलं. पण बरीच गटारं समुद्राला किंवा खाडीला मिळतात त्या तोंडांची पातळी खाली आहे. मोठ्या भरतीत समुद्रच वर असतो, पाणी बाहेर पडत नाही, दारं बंद करावी लागतात आणि उपशाची सगळी भिस्त पंपिंग स्टेशनांवर राहते. मिठी नदी मरोळ, साकीनाका, जरीमरी, कुर्ला करत माहीमच्या खाडीला मिळते. खाडीत भरती असताना तिचंही पाणी मागे थोपतं. त्यामुळे सकाळी नऊचा पाऊस आणि दुपारी एकचा पाऊस यांत मिलिमीटर तेवढेच असले तरी रस्त्यावरचं पाणी तेवढंच नसतं.

एवढी माहिती संध्याकाळी सातलाच हाताशी होती. निर्णय मात्र ‘सकाळी बघू’वर गेला. सकाळी साडेसहाला ॲडमिनने परत अंदाज पाहिला. पण घरून काम करा असं सांगण्याचा अधिकार दक्षिण मुंबईत, फोर्टच्या मुख्य ऑफिसात होता आणि तिथे माणूस साडेनऊला यायचा. तोवर डोंबिवली, विरार, पनवेलची माणसं घर सोडून दोन तास झाले होते.

इथे एक जुना आकडा आठवावा. 26 जुलै 2005 ला उपनगरातल्या सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी फोर्टजवळच्या कुलाब्याला सुमारे 74. फोर्टमधल्या खिडकीतून मरोळचा पाऊस दिसत नाही. या प्रकरणातही अकरा वाजता फोर्टला रिमझिम होती आणि तिथून उत्तर आलं, ‘इथे तर काही नाही, थोडं थांबा.’ आमच्या मते या दिवसाची पहिली आणि सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. निर्णयाचा अधिकार त्याच इमारतीत हवा. एक माणूस आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरा, दोघांची नावं लिहून ठेवलेली. त्यांना कुणाची परवानगी लागता कामा नये, फक्त कळवायचं.

सव्वाबाराचा निरोप

पावणेअकराला सर कोसळू लागली. अकरा चाळीसला अंधेरी सबवे पाण्यामुळे बंद झाला. सव्वाबाराला सगळ्यांना ईमेल गेला. त्याचा मजकूर असा: ‘मुसळधार पाऊस लक्षात घेता सर्व कर्मचाऱ्यांनी आवश्यक ती खबरदारी घ्यावी आणि आपापल्या वरिष्ठांशी बोलून सोयीनुसार निघावं.’

यात निर्णय नाही, वेळ नाही, जागा नाही. ‘खबरदारी’ म्हणजे काय ते नाही. ‘सोयीनुसार’ या शब्दाने सगळी जोखीम वाचणाऱ्याच्या गळ्यात घातली. ज्याचा वरिष्ठ उदार तो निघाला, ज्याचा कडक तो थांबला. सव्वाबारा ते दीड या वेळात 61 जण बाहेर पडले. ईमेल गेला तेव्हा भरतीच्या शिखराला पावणेदोन तासांपेक्षा कमी वेळ होता, म्हणजे निघायला याहून वाईट मुहूर्त शोधूनही मिळाला नसता.

निरोप पोहोचला तरी किती जणांपर्यंत? पाचव्या मजल्यावर ग्राहकसेवेची 88 माणसं होती. तिथे ग्राहकांची माहिती जपण्यासाठी मोबाइल लॉकरमध्ये ठेवण्याचा नियम आहे, आणि कॉलवर असलेल्या माणसाच्या स्क्रीनवर ईमेल उघडा नसतो. फोनवर जाणारा कुठलाही इशारा या 88 जणांसाठी नव्हताच. हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीच्या लोकांना कंपनीचा ईमेल पत्ताच नव्हता. व्हॉट्सॲपवर टीमचे अकरा गट होते. सातांवर निरोप पुढे गेला, त्यातल्या दोन ठिकाणी ‘ऑफिस बंद झालं’ असा बदलून गेला.

एसएमएसचं जे झालं ते अनेक कंपन्यांत होऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर. एचआरच्या सॉफ्टवेअरमधून एकगठ्ठा एसएमएस पाठवायची सोय होती. बारा पंचवीसला मजकूर टाइप करून बटण दाबलं. एकही संदेश पोहोचला नाही. भारतात कंपनीला असे संदेश पाठवायचे तर पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा, दोन्ही दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीत (अशा संदेशांच्या नोंदवहीत) आधी मंजूर करून घ्यावे लागतात. साच्याशी न जुळणारा मजकूर वाटेतच अडवला जातो. नोंदणीत पगाराचा आणि ओटीपीचा साचा होता, आपत्तीचा नव्हता. ऐन वेळी नवा साचा मंजूर होत नाही. पावसाआधीच तीन साचे करून ठेवावेत: येऊ नका, थांबा, निघा. वेळ आणि जागा तेवढी बदलती ठेवायची.

साचा मराठीत करायचा तर अक्षरं मोजावी लागतात. इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांचा असतो, देवनागरी 70 चा, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 70 ओलांडले की संदेशाचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा 67 चा. गर्दीच्या नेटवर्कवर एक तुकडा मागे राहिला की वाचणाऱ्याला अर्धवट मजकूर मिळतो किंवा काहीच मिळत नाही. हा निरोप 67 अक्षरांत बसतो:

ऑफिसमध्येच थांबा. हजेरीच्या नंबरवर मिस्ड कॉल द्या. पुढचा निरोप 3:30

कृती, पोच आणि पुढची वेळ, तिन्ही त्यात आली. ‘उत्तर पाठवा’ असं मुद्दाम लिहिलेलं नाही. कंपनीच्या नावाने आलेल्या एसएमएसला उलट उत्तर जातच नाही. म्हणून हजेरीचा एक मिस्ड कॉल नंबर घ्यावा आणि तो ओळखपत्राच्या मागे छापावा. मिस्ड कॉलला इंटरनेट लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि कॉल करणाऱ्याचा नंबर नावाशी आपोआप जुळतो. ठेकेदाराच्या माणसांचे नंबर या यादीत घालणं ही कंपनीची जबाबदारी आहे, ठेकेदाराची नाही.

सरकारी इशाऱ्याची गोष्ट वेगळी. सेल ब्रॉडकास्ट टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनांवर एकदम येतो, त्याला नंबरांची यादी लागत नाही. 2023 मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा फोन मोठ्याने वाजल्याचं अनेकांना आठवत असेल. कंपनीला त्या वाटेने काही पाठवता येत नाही. मात्र फोनमधली आणीबाणीच्या सूचनांची सेटिंग चालू आहे का, हे पाहायला माणशी अर्धं मिनिट लागतं. सरकारी इशारे देणारं ‘सचेत’ ॲपही घेऊन ठेवावं.

हूटर वाजला तेव्हा

एक दहाला आवारात घोट्याइतकं पाणी होतं. एक पस्तीसला ते बेसमेंटच्या उतारावरून आत शिरलं. मीटर आणि मुख्य पॅनल तळमजल्यावर, जनरेटर बेसमेंटमध्ये. इमारतीच्या तंत्रज्ञाने पावणेदोनला मुख्य पुरवठा बंद केला. हा निर्णय अगदी योग्य होता. पाणी पॅनलला टेकल्यावर त्याच्याजवळ जायचं नसतं, म्हणून पहिल्या पायरीवर पाणी दिसताच स्विच पाडायचा. त्याआधी दोन्ही लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायला हव्या होत्या. इथे एकच नेली, दुसरीच्या खड्ड्यात पाणी गेलं.

वीज जाताच दोन गोष्टी घडल्या. यूपीएस 25 मिनिटं चालला, मग वायफाय आणि घोषणेची यंत्रणा गप्प झाली. आणि दारांची चुंबकीय कुलपं उघडली. ती तशीच उघडायला हवीत, आगीत माणूस आत अडकू नये म्हणून. पण त्या क्षणापासून कोण बाहेर गेलं याची नोंद थांबली.

दोन वीसला आगीचा हूटर वाजला. तळमजल्यावरच्या एका डिटेक्टरमध्ये ओल शिरली होती. अलार्म पॅनलला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे इमारतीत तेव्हा मोठा आवाज करणारी ती एकच गोष्ट होती. फायर ड्रिलमध्ये सगळ्यांना एकच प्रतिक्रिया शिकवलेली: हूटर वाजला, जिन्याने खाली, आवारातल्या झाडाजवळ जमायचं. शंभरएक माणसं खाली निघाली. तळाशी गुडघाभर गढूळ पाणी, त्यात पार्किंगच्या दिव्यांचे खांब आणि जनरेटरच्या केबल. पुढची माणसं थबकली, मागची ढकलत राहिली. एकीचा पाय मुरगळला. तेवढ्यावर निभावलं, पण तसं होण्यामागे कुणाचंही नियोजन नव्हतं. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली तेव्हाही पाऊस होता, अरुंद जिना होता आणि मागून येणारी गर्दी होती.

अशा वेळी हूटरकडे दुर्लक्ष करा, असं कुणी सांगू नये. पाणी भरलेल्या इमारतीत शॉर्टसर्किटने खरी आग लागू शकते. मजला सोडायचाच. फक्त जमण्याची दुसरी जागा आधीपासून ठरलेली हवी. या इमारतीत ती पहिल्या मजल्यावरच्या पोडियमवर होऊ शकत होती: मोकळी हवा, पाण्याच्या वर, जिन्याला लागून. तळमजल्यावर पाणी असेल तर पोडियमच्या दारात मार्शल (आणीबाणीत मजल्याची जबाबदारी दिलेला माणूस) उभा करायचा आणि त्याने लोकांना तिकडे वळवायचं. सिक्युरिटीच्या प्रत्येक शिफ्टमधल्या एकाला तरी अलार्म पॅनलवरचा झोन, म्हणजे इशारा इमारतीच्या कुठल्या भागातून आला ते, वाचता आला पाहिजे. तीन मिनिटांत ‘झोन अमुक, धूर नाही’ असं त्याने तोंडी कळवायचं. त्या दिवशीच्या गार्डला हूटर बंद करायचं बटण ठाऊक होतं, झोन वाचणं कुणी शिकवलं नव्हतं.

मार्शलच्या हाती मेगाफोन हवा. मजल्यावर एक, आणि सेल बाहेर काढून पाकिटात ठेवलेले. आत राहिले तर वर्षभरात गळतात आणि संपर्कपट्ट्या खाऊन टाकतात. या ऑफिसात मेगाफोन होता. तो नेमका असाच निघाला.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. इथे ते वेळेवर दिलेलं होतं. यंत्रणा चालूच होती, म्हणून तर हूटर वाजला.

तीनची सुट्टी

तीन वाजता फोर्टहून फोन आला, ऑफिस बंद, सगळ्यांनी घरी जा. हेतू चांगला होता. 178 जण इमारतीत होते, त्यातले 70 लगेच निघाले. भरती उलटून सत्तर मिनिटं झाली होती, ओहोटी रात्री आठच्या सुमाराला. पाणी उतरायला लागणार ते साडेचार-पाचनंतर. म्हणजे बाराला जे ‘निघा’ उशिरा होतं, ते तीनला फार लवकर होतं.

नियम साधा करता येतो. निघायची परवानगी देताना माणूस घरी पोहोचेपर्यंतचा काळ मोजायचा. त्या काळात 4.5 मीटरवरच्या भरतीच्या आधीचे दोन आणि नंतरचे अडीच तास येत असतील आणि पाऊस चालू असेल, तर थांबायचं. मरोळहून डोंबिवलीला धडधाकट दिवशीही पावणेदोन तास लागतात. 1:50 च्या भरतीसाठी पूर्वेकडच्या माणसांना सोडायची शेवटची वेळ सकाळी दहा. तेव्हा ती आत्ताच आलेली असतात. म्हणूनच खरा निर्णय आदल्या रात्री आठचा, किंवा फार तर पहाटे पाचचा.

सोडायचं तेव्हा पत्त्यानुसार नव्हे, मार्गानुसार सोडावं. मरोळ नाक्याची मेट्रो 1 उड्डाणमार्गावर आहे, लोकल थांबली तरी ती बऱ्याचदा चालू असते. पण घाटकोपरला उतरून पुढे काय, हा प्रश्न उरतो. कुर्ला-सायन दरम्यान रुळांवर पाणी असेल तर दक्षिणेकडे वाट नाही, ठाण्यापुढे मात्र गाड्या चालू असू शकतात. पश्चिम, मध्य, हार्बर अशा तीन याद्या, प्रत्येक यादीतून वीस-पंचवीसची तुकडी, दोन तुकड्यांत वीस मिनिटं, आणि तुकडीत तिघा-तिघांचा गट. पुढची तुकडी सोडण्याआधी पहिलीने स्टेशनवरून फोन करायचा. गुडघ्याच्या वर पाणी लागलं की परत फिरायचं. त्या पाण्याखाली मॅनहोल उघडं आहे का, हे वरून दिसत नाही. गाडीत अडकून काचा वर करून बसायचं नाही. 2005 मध्ये बंद गाड्यांत गुदमरून माणसं गेली आहेत.

संध्याकाळी सहाला कंपनीने हिशेब मांडला. बाहेर पडलेल्या 131 पैकी 83 जणांचा पत्ता लागला, 48 जणांचा नाही. त्यातले बरेच सुखरूप घरी होते, फक्त कुणी विचारलं नव्हतं किंवा फोन संपला होता. शेवटचं नाव रात्री अकरा चाळीसला यादीतून खोडलं गेलं. घरच्या नंबरांची यादी सर्व्हरवर होती आणि सर्व्हर बंद. इशारा नारिंगी किंवा लाल असेल त्या दिवशी अकरा वाजता हजेरीपट कागदावर छापून मार्शलकडे द्यावा, घरच्या नंबरासकट. काम दहा मिनिटांचं आहे.

रात्र

मेट्रो चालू असल्याने नऊपर्यंत आणखी 34 जण गेले. 74 राहिले, त्यात 29 बायका. कपाटात प्रथमोपचाराची पेटी होती आणि तिच्यात कालबाह्य मलम.

शंभर माणसांच्या एका रात्रीसाठी काय लागतं ते इथे देतो. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे 20 लिटरचे दहा जार. हे रोजच्या वापराचे नाहीत, वेगळे आणि दर तीन महिन्यांनी बदललेले. वीज नसली की पंप बंद, गच्चीवरची टाकी संपली की संडासात पाणी नाही. म्हणून पाऊस वाढताच आठ-दहा बादल्या भरून ठेवायच्या. चिवडा, बिस्किटं, खाकरा, चिक्की, खजूर, ओआरएसची पाकिटं. माणशी दोन वेळचं, न शिजवता खाता येईल असं. दहा माणसांमागे एक टॉर्च. मेणबत्ती नको. वीस पॉवर बँक, महिन्याच्या पहिल्या सोमवारी चार्ज केलेल्या. सॅनिटरी पॅड. चटया. इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कंपनीने वाटू नयेत. पण ज्यांना त्या लागतात त्यांनी पावसाळाभर दोन दिवसांचा साठा बॅगेत ठेवावा, हे जूनच्या सुरुवातीला आठवणीने सांगावं.

बायकांसाठी वेगळी खोली, आतून कडी, बाहेर महिला गार्ड. महाराष्ट्रात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय कायद्याने बंधनकारक आहे. अडकून पडलेल्या बाईला ‘बसलीच आहेस तर एक शिफ्ट कर’ म्हणणं मुळीच चालणार नाही. या ऑफिसात रात्री दहाला तसं विचारलं गेलं होतं.

गार्ड आणि हाउसकीपिंगची माणसं दिवसभर पाण्यात उभी होती. पाण्यातून चाललेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असेल तर, 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावं असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते, कारण लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा आजार. प्रतिबंधक डॉक्सीसायक्लिनची गोळी घ्यायची की नाही आणि किती, ते डॉक्टर ठरवतात. दुसऱ्या दिवशी कंपनीचा डॉक्टर आला. त्याने कर्मचाऱ्यांना तपासलं, ठेकेदाराच्या माणसांना कुणी बोलावलंच नाही. ही चूक सुधारायला एक पैसाही लागत नाही.

त्यानंतर

कंपनीने निर्णयाचं एक पान तयार केलं. त्यावर तीन ओळी: आदल्या रात्री आठला लाल इशारा, किंवा नारिंगी इशारा अधिक 4.5 मीटरवरची भरती, तर घरून काम. पहाटे पाचला तसं झालं तर साडेपाचला निरोप. दिवसा अचानक वाढलं तर आधी ‘थांबा’, मग विचार. पानावर 1916 (महापालिका), 112 (आणीबाणी), 101 (अग्निशमन) आणि 108 (रुग्णवाहिका) हे नंबर, आणि इमारतीच्या तंत्रज्ञाचा. ग्राहकसेवेच्या मजल्यावर सुपरवायझरच्या टेबलावर एक साधा फोन ठेवला, लॉकरच्या नियमातून वगळून.

तयारीची तारीख त्यांनी 31 मे धरली होती. ती बदलून 15 मे केली. 2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच दाखल झाला आणि त्याच दिवशी आचार्य अत्रे चौकाच्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं होतं. 15 मेच्या चाचणीत निरोप किती जणांना गेला हे मोजलं जात नाही. वीस मिनिटांत किती मिस्ड कॉल आले ते मोजतात, आणि ज्यांचा आला नाही त्यांच्या टेबलाशी जाऊन का नाही ते विचारतात. पहिल्याच चाचणीत कळलं की कॅन्टीनच्या चौघांचे नंबर चुकीचे लिहिले गेले होते आणि रात्रपाळीचा मार्शल नोकरी सोडून गेला होता.